अर्धी बाटली

अल हमरा मागे पडलं, मग डांबरही संपलं,
आणि माझ्या जिभेवरचं "येस डॉक्टर"
खडीच्या पहिल्याच वळणावर सांडलं.
निझवाच्या रुग्णालयात मी रक्त तपासते.
ईदच्या तीन सुट्ट्या, एक पाठपिशवी,
आणि दुकानदाराने शपथेवर दिलेले बूट.

खलफान बिन सैफची सराई दोन खोल्यांची.
दगडावर दगड, मध्ये माती,
छताला वाकडे वासे, वर खजुराच्या झावळ्या.
भाड्यात गादी, दोन रजया, कहवा.
गरम पाण्याची वेळ दारावर खडूने लिहिलेली:
सूर्य आल्यावर.
संडास बाहेर, बकऱ्यांच्या गोठ्याला लागून.
रात्री जायचं तर टॉर्च घ्यायचा
आणि वाटेत बसलेल्या करड्या बोकडाची परवानगी.

खलफानचं हिंदी मत्राहच्या बाजारातलं,
तरुणपणी कापडाच्या दुकानात उचललेलं,
सगळ्या क्रियापदांना एकच काळ.
"मैं नीचे रहता है," तो म्हणाला
दरीकडे बोट करून,
जिथे आता कुणीच राहत नाही.

सकाळी त्याने हातात भाकरी दिली, आणि वाट:
"पीला, सफेद, लाल. दूसरा कुछ नहीं देखना."
दगडांवरचे हे पट्टे तोच रंगवायचा.
गुडघा गेल्यापासून लाल विटत चाललाय.
"तीसरा घर मेरा है. पीछे पानी है.
देखना, है कि नहीं."

वाट कड्याच्या छातीवर आडवी गेलेली,
समोरून गाढव आलं तर कुणीतरी एकाने
उलट चालत जावं इतकी.
डाव्या हाताला कातळ.
उजव्या हाताला काही नाही,
आणि ते काही नाही खूप खोलवर गेलेलं.
एक गिधाड माझ्या खालून उडत गेलं.
गिधाडाची पाठ मी पहिल्यांदाच पाहिली.

घळ. निसणी. कपार.
वडील वनखात्यात होते, जुन्नरच्या बाजूला;
त्यांचे हे शब्द बारा वर्षं कुणाला लागले नव्हते.
इथे एकेक करून पायाखाली आले,
व्हिसा न विचारता.

गाव कातळाच्या पोटात, जणू कुणी
पाऊस नसतानाही आडोशाला उभं राहावं.
एक जातं, वरची तळी नसलेलं.
चुलीमागची काजळी अजून बोटाला लागते.
तिसऱ्या घराचं दार माझ्या खांद्याइतकं,
वाकले, तर कपाळ वाचलं, पिशवी अडकली.
मागे टाकं होतं.
कातळातून थेंब सुटत होता,
मी मोजले: मिनिटाला अकरा.
टाक्यात वीतभर पाणी, त्यात माझं डोकं
आणि डोक्यावर फार उंचावर आभाळाची चिंधी.

बाटली भरली. सवयीने लेबल लावलं:
तारीख, वेळ, दहा वाजून चाळीस,
नाव: खलफान बिन सैफ.

परत येताना उन्हाने वाट दुप्पट केली.
माझं स्वतःचं पाणी दुसऱ्या वळणावर संपलं,
चौथ्यावर मी लेबलकडे पाहिलं नाही.
प्यायले. थांबले. पुन्हा प्यायले.
अशा नमुन्याला आमच्याकडे शेरा असतो:
अपुरा, पुन्हा घ्यावा.

त्याच्यापुढे अर्धी बाटली ठेवली
आणि खरं काय ते सांगितलं.
तो इतका हसला की बकऱ्या उठल्या.
"पानी पीने का है," म्हणाला,
"फोटो निकालने का नहीं है."
मग कहव्याच्या इवल्या पेल्यात त्याने ते ओतलं,
एक घोट तोंडात बराच वेळ ठेवला.
"कैसा है?" मी विचारलं.
आयुष्यभर मी दुसऱ्यांचं तपासून कागद दिला,
चव कुणाला विचारली नव्हती.
"ठंडा है," तो म्हणाला. "ठंडा ही होता है."
काळ तोच, एकच.

उठला, गुडघ्याला एक शिवी दिली,
खाटेखालून लाल रंगाचा डबा काढला,
काडीने साय फोडली, ढवळला.
"तुम्हारा छुट्टी कल भी है?"
होती.
ब्रशचे केस ताठ झाले होते, रॉकेलमध्ये बुडवून ठेवले.

पहाटे डबा घेऊन निघाले
तेव्हा बोकड आपण होऊन बाजूला झाला.